भाताच्या तालुक्यातील टायर

भिवंडीची गोदामे मागे पडून आंबाडी नाका ओलांडला, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरे दिसू लागतात. आंबाडीहून एक फाटा वज्रेश्वरीकडे जातो. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी केलेला नवस १७३९ च्या विजयानंतर जिथे फेडला गेला, ते हे देवस्थान. शेजारीच अकलोली आणि गणेशपुरी येथील उन्हाळ्याची कुंडे आहेत. बहुतेक प्रवासी या फाट्यावर वळतात. सरळ जाणारा रस्ता तानसा नदी ओलांडतो आणि कुडूसमार्गे वाड्याला पोचतो. पुढे तोच मनोरकडे जातो आणि वाटेत कोहोज किल्ल्याचा, वाऱ्याने कोरलेल्या सुळक्यांचा डोंगर सोबतीला येतो. हा रस्ता गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत गाजत आहे तो त्याच्या खड्ड्यांसाठी.

वाडा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आला. वारली, कातकरी, मल्हार कोळी, कुणबी ही इथली माणसे, आणि भात हे इथले पीक. वाडा कोलम हा इथला तांदूळ मुंबईच्या बाजारात नावाने मागितला जातो. बारीक दाण्याच्या या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळ्यात तालुका एखाद्या हिरव्या तबकासारखा दिसतो. उन्हाळ्यात मात्र तो करडा आणि धुरकट असतो, कारण त्या दिवसांत राब भाजला जातो. पालापाचोळा, शेण आणि गवत खाचराच्या एका कोपऱ्यात पसरून पेटवायचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत पहिल्या पावसाला भाताचे आवण टाकायचे, ही सह्याद्रीच्या पायथ्याची जुनी रीत आहे. त्यामुळे धूर या तालुक्याला नवा नाही. राबाचा धूर निळसर, पातळ असतो. त्याला जळक्या पानांचा वास येतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर तो विरून जातो.

नंतर आलेला धूर वेगळा आहे. तो काळा आणि जड आहे. त्याला गंधकाचा व जळक्या तेलाचा वास आहे, आणि त्याच्यामागे पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक काजळी उरते. तो टायरांचा धूर आहे.

टायर इथे का आले, याचे उत्तर नकाशात आणि शासनाच्या प्रोत्साहन योजनेत सापडते. मुंबईपासून फार दूर नाही, जमीन स्वस्त, मजूर हाताशी, आणि औद्योगिकदृष्ट्या मागास म्हणून ‘डी प्लस’ वर्गाच्या करसवलती, अशी ही जुळणी होती. कुडूसच्या आसपास लोखंडाच्या भट्ट्या, रोलिंग मिल, शीतपेयांचा मोठा कारखाना, छोट्यामोठ्या शेड उभ्या राहिल्या. या गर्दीतच पत्र्याच्या उंच कुंपणाआड टायरांचे ढीग दिसू लागले. मुंबई आपले पिण्याचे पाणी याच परिसरातील तानसा आणि वैतरणा या नद्यांवरून नेते. तानसा धरण १८९२ पासून शहराला पाणी देत आहे. शहराकडून परत काय येते, याची एक नोंद या ढिगांत वाचता येते. पण ढीग केवळ मुंबईचा नाही. त्यातील कित्येक टायर समुद्र ओलांडून आलेले असतात.

टायर ही वस्तू मुळात टिकण्यासाठी बनवलेली आहे, आणि तिचा सारा प्रश्न त्या टिकाऊपणातून निर्माण होतो. झाडाच्या चिकाचे रबर उन्हात वितळते व थंडीत तडकते. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये त्यात गंधक मिसळून ते तापवले, तेव्हा हा दोष गेला. रबराच्या लांबलचक साखळ्यांना गंधकाने एकमेकींशी जागोजागी टाचून टाकले. या क्रियेला व्हल्कनीकरण म्हणतात. गुडइयर १८६० मध्ये डोक्यावर मोठे कर्ज ठेवून वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी पुढे १८९८ मध्ये निघाली, आणि तिच्याशी त्यांचा वा त्यांच्या कुटुंबाचा काही संबंध नव्हता. शोधाचा नफा शोधकाच्या खात्यात जमा होतोच असे नाही, याचे हे एक ठळक उदाहरण.

गंधकाचा हा टाका उसवत नाही. प्लास्टिकची बादली वितळवून दुसरी बादली करता येते, काच आणि लोखंड तर कितीही वेळा वितळवता येतात. व्हल्कनीकृत रबर तापवले तर ते वितळत नाही, करपते. शिवाय टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. त्यात झाडाचे आणि खनिज तेलापासून बनवलेले अशी दोन्ही रबरे असतात. त्याला बळकटी देणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, असते. पोलादी तारा, नायलॉनचे धागे, झिंक ऑक्साइड, गंधक आणि रबर लवकर म्हातारे होऊ नये म्हणून घातलेली रसायने असतात. इतक्या वेगवेगळ्या वस्तू एकमेकींना घट्ट चिकटवल्यावर त्या पुन्हा सुट्या करणे हे काम जोडण्याहून अवघड होते.

मग टायर नुसता पडून राहू द्यावा, तर तेही परवडत नाही. त्याच्या पोकळीत पावसाचे पाणी साचते आणि डासांची पैदास होते. ठिपक्यांचा आशियाई डास १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन परिसरात आढळला. तो आयात केलेल्या जुन्या टायरांतील पाण्यातून तिथे पोचला, असे संशोधकांनी दाखवून दिले. ढिगाला आग लागली, तर ती विझवणे आणखी कठीण. कॅनडातील हेगर्सव्हिल येथे फेब्रुवारी १९९० मध्ये पेटलेला टायरांचा डोंगर सतरा दिवस जळत होता. वाड्यासारख्या मुसळधार पावसाच्या आणि कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात या दोन्ही गोष्टींची भीती वर्षभर असते.

पत्र्याआड चालते ते काम म्हणजे पायरोलिसिस. लोखंडाच्या मोठ्या आडव्या पिंपात टायर भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि खालून आच द्यायची. आत प्राणवायू नसल्याने रबर पेटत नाही. चारशे ते सहाशे अंश सेल्सियसच्या दरम्यान ते फुटते आणि त्याची वाफ होते. वाफ थंड केली, की काळपट तेल मिळते. जो वायू थंड होत नाही, तो पुन्हा भट्टीखाली जाळता येतो. आत उरते ती काळी भुकटी आणि तारा. ढोबळमानाने टायरच्या वजनाच्या चाळीस ते पंचेचाळीस टक्के तेल, तीस-पस्तीस टक्के भुकटी, बाकी तारा आणि वायू असा हिशेब असतो. तेल भट्ट्यांना जळण म्हणून विकले जाते, तारा लोखंडाच्या भट्टीकडे जातात. कागदावर वाचले, तर यात वाया काहीच जात नाही.

कागद आणि शेड यांत अंतर पडते ते झाकण उघडताना. छोट्या कारखान्यांत एक घाणा भरतात, शिजवतात, गार करतात आणि उपसतात. हा सारा फेरा एक दिवसाच्या आसपासचा असतो. पिंप पूर्ण गार होण्यास वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पुढच्या घाण्याचे नुकसान. मग ते गरम असतानाच उघडले जाते. आतली भुकटी पिठाहून बारीक असते. ती हवेत उडते, कधी हवेचा स्पर्श होताच पेट घेते. जोडातून गळलेला वायू साचला असेल, तर एक ठिणगी पुरते. भट्टीखाली सुरुवातीला जे जाळले जाते, त्याचाही भरवसा नसतो. लाकूड महाग झाले, तर टायरचेच तुकडे आत सारले जातात. परिसरातील लोकांची धुराची तक्रार बहुधा रात्रीची असते, यामागे रात्री तपासणीला कोणी येत नाही हे कारण असावे.

जानेवारी २०२५ मध्ये वाडा तालुक्यातील अशा एका कारखान्यात स्फोट झाला आणि दोन स्त्रिया व दोन मुले प्राणास मुकली. कारखान्यात मुले कशी, हा प्रश्न शहरातील वाचकाला पडेल, तालुक्यातील माणसाला पडणार नाही. वीटभट्टी असो वा टायरची भट्टी, मजूर कुटुंबासह येतो आणि शेडच्या भिंतीला टेकूनच त्याची झोपडी उभी राहते. घर आणि भट्टी यांच्यात एका पत्र्याचे अंतर असते. या घटनेनंतर तालुक्यातील काही कारखान्यांना कुलपे लागली.

त्याच वर्षी मार्च महिन्यात बीबीसीने या कथेची दुसरी बाजू प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये दर वर्षी सुमारे पाच कोटी टायर बाद होतात, आणि त्यांतील मोठा वाटा भारतात पाठवला जातो. पुनर्वापरासाठी पाठवलेल्या टायरांच्या गठ्ठ्यात माग दाखवणारी छोटी यंत्रे लपवण्यात आली. ती जहाजाने भारतात उतरली, बंदरापासून शेकडो मैलांचा प्रवास करून पोचली आणि थांबली ती पायरोलिसिसच्या शेडपाशी. वाड्यातील स्फोटाचा उल्लेखही त्या वृत्तांतात होता. आपल्याकडील २०२२ च्या नियमांनी तेल काढण्यासाठी टायर आयात करण्यास स्पष्ट बंदी घातली आहे. म्हणजे जहाजावर चढताना टायरच्या कागदांवर ‘पुनर्वापर’ असते, आणि उतरल्यावर कुठल्या तरी गोदामात त्या शब्दाचा अर्थ बदलतो. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२१ पासून अखंड जुने टायर देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले. तिथून आता बहुतांश तुकडे किंवा चुरा करूनच माल पाठवावा लागतो. उपाय साधा आहे, पण अखंड टायर कुठे पोचेल हे सांगता येत नाही, याची कबुली त्यात आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ च्या सुमारास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे मांडलेली आकडेवारी बोलकी होती. एकोणीस राज्यांत टायर पायरोलिसिसचे ६३७ कारखाने. त्यांपैकी २५१ नियम पाळणारे, २७० न पाळणारे आणि ११६ बंद. चालू कारखान्यांपैकी निम्म्याहून अधिक नियमबाह्य असतील, तर दोष चार लोभी माणसांचा आहे असे म्हणता येत नाही.

न्यायाने एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. पायरोलिसिस ही क्रियाच मुळात दुष्ट नाही. एका बाजूने टायरचे तुकडे सतत आत जातात आणि दुसऱ्या बाजूने बंद नळीतून भुकटी गार होऊन बाहेर येते, अशी अखंड चालणारी यंत्रे आहेत. त्यांत झाकण उघडण्याचा प्रसंगच येत नाही. त्या भुकटीवर आणखी प्रक्रिया करून ती कार्बन ब्लॅक म्हणून काही प्रमाणात नव्या रबरात घालताही येते. पण अशा यंत्राला भांडवल लागते, जाणकार माणूस लागतो, धूर धुणारी आणि गाळणारी व्यवस्था लागते. पिंपवाल्या शेडला यांतले काहीच लागत नाही, आणि तिच्या नफ्याचे रहस्यही तेच आहे.

याच तालुक्यात, याच रस्त्यावर, टायर न जाळणारे कारखानेही आहेत. तिथे तो दळला जातो. या जागेचा आवाज गिरणीचा आहे, आणि एक प्रकारे ती गिरणीच आहे. प्रथम टायरच्या कडेची जाड पोलादी तार एका आकड्याने ओढून काढतात. मोठा दात उपटावा तसे ते दृश्य दिसते. मग टायर कापणीयंत्रात जातो आणि तळहाताएवढ्या तुकड्यांत बाहेर पडतो. खाचा पाडलेल्या जड रुळांतून ते तुकडे पुन्हा पुन्हा फिरवले जातात. लोहचुंबक तारांचे बारीक कण ओढून घेतो, हवेचा झोत नायलॉनचा कापूस उडवून बाजूला करतो, आणि चाळण्यांतून जाडा, मध्यम, बारीक असा चुरा वेगळा होतो. बारीक चुरा हाताला भाजलेल्या खसखशीसारखा लागतो. काही देशांत टायर आधी द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. उणे १९६ अंशांच्या त्या द्रवात रबर काचेसारखे ठिसूळ होते आणि घणाच्या घावाने फुटते. चुरा गुळगुळीत मिळतो, पण नायट्रोजनचा खर्च भारी पडतो. दळण्याला उष्णता लागत नाही. वीज मात्र पुष्कळ लागते, आणि हवेतील धूळ ओढून घेणारी यंत्रणा नसेल, तर कामगाराच्या छातीला इथेही धोका आहेच.

या चुऱ्याचे सर्वांत मोठे काम रस्त्यावर आहे. तापलेल्या डांबरात तो साधारण दहा टक्क्यांच्या आसपास मिसळला, की कण फुगतात आणि डांबर अधिक चिवट होते. उन्हाळ्यात ते मऊ पडत नाही, त्यामुळे जड वाहनांच्या चाकोऱ्या उमटत नाहीत, आणि थंडीत लवकर तडकत नाही. अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहराचे अभियंते चार्ल्स मॅक्डोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात हे प्रयोग रस्त्याच्या डागडुजीसाठी सुरू केले. भारतात अशा डांबरासाठी भारतीय मानक आणि इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, आणि अनेक महामार्गांवर ते वापरले गेले आहे. टायरपासून बनलेल्या चुऱ्याची पोती ज्या रस्त्याने वाड्याबाहेर जातात, त्या रस्त्याची अवस्था पाहता या गोष्टीतील विनोद कोणालाही कळेल.

दळलेला चुरा म्हणजे निर्दोष वस्तू, असा समज करून घेणेही बरोबर नाही. युरोपात खेळाच्या कृत्रिम हिरवळीत तो पसरला जाई. त्याचे कण बुटांतून, पावसाच्या पाण्यातून जमिनीत जातात, म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये अशा वापरावर बंदी घातली आणि मैदानांना बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली. टायर म्हातारा होऊ नये म्हणून त्यात घातलेल्या एका रसायनाचे हवेतील ओझोनशी संयुग होते, आणि ते पावसाबरोबर ओढ्यांत उतरल्याने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोहो सामन मासे मरतात, हे २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. रस्त्यावर धावणारा नवा कोरा टायरही हेच करतो. डांबरात चिकटून बसलेला चुरा त्या मानाने बराच बांधलेला राहतो, एवढे म्हणता येते.

चुऱ्याची दुसरी वाट रिक्लेम रबराची. सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत हे काम चालते. चुऱ्यात थोडे तेल आणि रसायन घालून तो वाफेच्या दाबाखाली शिजवतात. गंधकाचे काही टाके सुटतात, काही ठिकाणी साखळ्याही तुटतात. मग जड रुळांमधून दाबून त्याचे पातळ काळे पापुद्रे काढतात आणि घडीवर घडी ठेवून लाद्या बनवतात. हे रबर नव्याच्या बरोबरीचे नसते. ते नव्या रबरात मिसळून पायपुसणी, चपलांचे तळ, सायकलचे टायर, घमेली आणि थोड्या प्रमाणात मोटारीच्या टायरमध्येही वापरतात. केवळ गंधकाचा टाकाच उसवावा आणि साखळी शाबूत राहावी, हे शास्त्रज्ञांचे जुने स्वप्न आहे. त्यासाठी सूक्ष्मलहरी वापरून झाल्या. अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात ध्वनीच्या अतिउच्च कंपनांचा प्रयोग झाला, दोन मळसूत्रांच्या यंत्रात रबर पिळून पाहिले गेले. गंधक खाणारे जिवाणूही कामाला लावण्यात आले. जिवाणूंचे काम सर्वांत शांत आणि स्वच्छ, पण ते कणाच्या पृष्ठभागावरच चालते आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. वाड्याच्या एका शेडमधील एका रात्रीच्या टायरांना ते कधी पुरे पडेल, हे सांगणे धाडसाचे आहे.

या सर्वांच्या आधीची आणि सर्वांहून शहाणी रीत मालमोटारवाल्यांना ठाऊक आहे. ती म्हणजे रिमोल्ड. मालमोटारीच्या टायरची झीज होते ती वरच्या नक्षीची. आतला सांगाडा, जो बनवण्यात बहुतेक सारे रबर, तार आणि तेल खर्च झालेले असते, तो ठणठणीत असतो. झिजलेला थर खरवडून काढायचा, चिकट रबराचा पातळ थर द्यायचा, त्यावर तयार नक्षीची पट्टी गुंडाळायची आणि वाफेच्या बंद कोठीत पक्की करायची, एवढेच हे काम. चांगला सांगाडा असा दोनदा, कधी तीनदाही नव्याने धावतो. यात धूर नाही. पण सांगाडा चांगला राहायचा असेल, तर टायर वेळेवर उतरवला पाहिजे, हवा नेमकी ठेवली पाहिजे आणि क्षमतेबाहेर माल भरता कामा नये. जास्त भरलेली गाडी जेव्हा खड्ड्यांतून जाते, तेव्हा रिमोल्डला चालला असता असा टायर तिथल्या तिथे भंगार होतो. रस्ता चांगला ठेवणे हीही टायरची काळजीच होय, पण कोणत्याही अंदाजपत्रकात ही जोडणी दिसत नाही.

महाराष्ट्राने जुन्या टायरला काम देण्यात कधी आळस केला नाही. मालमोटारीची वा जीपची जुनी चाके बैलगाडीला लावून टायरगाडी झाली. ऊसतोडीच्या हंगामात टायरगाडी घेऊन येणाऱ्या मजुरांच्या तळाला ‘टायर सेंटर’ हेच नाव पडले. टायरच्या तळाच्या चपला ज्यांनी वापरल्या, त्यांना त्या किती वर्षे पुरतात हे सांगण्याची गरज नाही. झोपडीच्या प्लास्टिकवर वाऱ्यासाठी ठेवलेला टायर, धक्क्यावर होडीला खरचटू नये म्हणून टांगलेला टायर, काठीने पळवायचे खेळणे, आणि अर्थातच मोर्चात चौकात पेटवायची वस्तू. या शेवटच्या उपयोगाबद्दल मात्र अभिमान बाळगण्यासारखे काही नाही.

रीती इतक्या असूनही टायर पिंपाकडे का जातो, याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही, दरात आहे. भंगारवाल्याच्या लेखी टायर हा किलोने विकायचा माल आहे. दळणारा, रिक्लेम करणारा आणि जाळणारा हे तिघेही एकाच ढिगाचे गिऱ्हाईक आहेत. ढीग ज्याचा दर चढा त्याच्याकडे जातो. दळणाऱ्याला वीज, यंत्रांची झीज, धूळ ओढणारी यंत्रणा, कामगारांचा विमा, परवाने हे सारे आपल्या खर्चात धरावे लागते. पिंपवाल्याचा मोठा खर्च त्याच्या वहीत चढतच नाही. तो शेजारच्या विहिरीत, भाताच्या लोंबीवर आणि मजुराच्या छातीत चढतो. जो खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येतो, त्याच्या बळावर तो टायरला किलोमागे काही अधिक पैसे देऊ शकतो, आणि तेवढ्या फरकावर चांगला कारखाना उपाशी राहतो. बंदीच्या आदेशाने शेड बंद होते, दरातील हा फरक तसाच राहतो. त्यामुळेच एका तालुक्यात कुलूप लागले, की दुसऱ्या तालुक्यात पत्रे उभे राहतात.

हा फरक मोडण्याचा एक प्रयत्न २०२२ च्या नियमांत आहे. २१ जुलै २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या या नियमांनी टायर बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकली. २०२०-२१ मध्ये जेवढे टायर बनवले वा आणले, त्याच्या ३५ टक्क्यांइतके २०२२-२३ मध्ये पुनर्वापराकडे गेल्याचे दाखवायचे. त्यापुढच्या वर्षी २०२१-२२ च्या उत्पादनाच्या ७० टक्के, आणि २०२४-२५ पासून १०० टक्के. दाखवायचे कसे, तर नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडून प्रमाणपत्र विकत घेऊन. चुरा, रिक्लेम, तेल अशा प्रत्येक उत्पादनाला वेगळा भारांक आहे, म्हणजे एक टन टायरचे काय केले, यावर प्रमाणपत्राचे मोल ठरते. विचार योग्य आहे. जो खर्च आजवर वहीबाहेर होता, तो नव्या टायरच्या किमतीत शिरावा आणि ते पैसे नीट काम करणाऱ्याच्या हाती पडावेत. हाती पडलेला पैसा त्याला भंगारवाल्यापुढे चढा दर बोलण्याचे बळ देईल.

अडचण प्रमाणपत्रांच्या जुन्या स्वभावात आहे. कागद आणि माल यांच्यात फट राहिली, की कागदाचाच व्यापार सुरू होतो. टायर खरोखर दळला गेला की नाही, हे संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. ते विजेच्या बिलावर, काट्याच्या पावतीवर आणि डांबर घेणाऱ्या ठेकेदाराच्या बिलावर दिसते. या तीन कागदांची आपापसांत जुळणी करणारा तपासनीस रात्रीच्या धाडीपेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल. दळणाऱ्याच्या विजेचे बिल शेकडो टनांचे काम दाखवते. ज्याचे बिल एका शेडच्या दिव्यांपुरते आहे, त्याने शंभर टन चुरा विकला असेल, तर प्रश्न विचारायला अभियंता असण्याची गरज नाही. मागणीची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेत रबरमिश्रित डांबराची अट जिथे असते, तिथे चुऱ्याला गिऱ्हाईक असते. जिथे ती नसते, तिथे तो पोत्यांत पडून राहतो.

जून उजाडला, की वाड्याचा रंग पुन्हा पालटतो. राबात टाकलेले आवण वीतभर वाढते, चिखलणी होते आणि गुडघाभर पाण्यात बायका ओळीने लावणी करू लागतात. त्या दिवसांत पावसाने हवा धुऊन निघते आणि पत्र्याआडचा धूर दिसेनासा होतो. कुंपणाआडच्या ढिगातले पाणी मात्र प्रत्येक टायरात साठलेले असते. मनोरच्या आणि भिवंडीच्या दिशांनी मालमोटारी खड्डे चुकवत येत असतात. नाक्यानाक्यावर पंक्चरच्या टपरीबाहेर एक जुना टायर उभा टेकवून ठेवलेला असतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात ‘हवा’ लिहिलेले असते. टपरीमागे निकामी टायरांची एक रास असते. आठवड्यातून एकदा भंगाराचा टेम्पो येतो, रास काट्यावर चढते, आणि किलोचा भाव ठरतो.